साडभाऊंचे दोन तळहात

विजेला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण वीज शिकवून पोट भरणारा आणि तिलाच सर्वांत जास्त घाबरणारा माणूस एकच, आणि तो माझा साडभाऊ आहे. मी कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि न मोजलेली गोष्ट सहसा बोलत नाही. सगळं जग काही मी मोजलेलं नाही. तरी आदिलाबाद जिल्ह्यापुरतं हे विधान मी पुराव्यानिशी करतो, आणि जगाच्या बाबतीत कुणी खोडून काढलं तर मागे घेईन.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तलमडुगूच्या रस्त्याला जे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथली विद्युत यंत्रांची प्रयोगशाळा त्यांनी आयुष्यभर सांभाळली. घरात कुठल्याही वस्तूला ते पहिल्यांदा शिवतात ते हाताच्या पाठीनं. फ्रिज असो, कूलर असो, आधी हाताची पाठ हलकेच लावून बघायची आणि मग तळहात. कारण विचारलं तर ते शांतपणे सांगतात की करंट लागला की मूठ आवळली जाते; तळहात लावला असेल तर मूठ वस्तूलाच धरून बसते, पाठ लावली असेल तर हात आपोआप सुटतो. हे शास्त्र बरोबर आहे, मी दोन ठिकाणी खात्री करून घेतली. पण ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की आमची पल्लवी जन्मली तेव्हा दवाखान्यात तिच्या गालालासुद्धा त्यांनी आधी हाताची पाठ लावली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा म्हणाली होती, "पोरगी हाय ते, मिक्सर नाही." साडभाऊंनी मान डोलावली आणि मग तळहात लावला.

ढग गडगडले की ते घरातल्या सगळ्या पिना काढतात, टीव्हीची केबल काढतात आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढतात. सेलाचं शास्त्र त्यांना मला आजवर पटवता आलेलं नाही. पावसाळ्यात त्यांच्या घरी वेळ विचारण्यात अर्थ नसतो. लग्नाच्या पत्रिका त्यांना दोन कारणांनी येतात, नातं म्हणून आणि मांडवाची वायरिंग तपासायला. स्वतःच्या लग्नात ते मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मांडवाच्या मागे जाऊन जनरेटरजवळ उकिडवे बसले होते. भटजींनी मुहूर्त टळतो म्हणून ओरडा केला, तर साडभाऊ तिथून म्हणाले, "मुहूर्त उद्या बी येईन. अर्थिंग नाही इथं." ही गोष्ट मी ऐकीव सांगतो आहे, पण सांगणारी अक्काच आहे आणि ती खोटं बोलत नाही.

त्यांच्या भीतीचं खरं राज्य मात्र प्रयोगशाळेत होतं. तिथं शिरताना मुलांनी अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढायची, बाह्या कोपरापर्यंत वर करायच्या आणि लाकडी फळीवर उभं राहायचं. मग मोटार चालू करण्याआधी साडभाऊ कोपऱ्यातल्या मोठ्या स्विचजवळ उभे राहून एकच शब्द ओरडत: "हात?" तो ऐकला की प्रत्येकानं दोन्ही हात डोक्याच्या वर करून तळवे दाखवायचे. सगळे तळवे दिसले की स्विच चालू व्हायचा, एकही कमी असला तर नाही. वर्गात बहुतेक मुलं तेलुगू, ती आपसात "चेतुलु, चेतुलु" असं म्हणत एकमेकांचे हात वर करायची. एकदा तपासणीला आलेल्या समितीनं नेमकं याच वेळी दार उघडलं. सगळा वर्ग हात वर करून उभा आहे आणि कोपऱ्यात एक मिशीवाला गृहस्थ डोळे वटारून उभा आहे, हे बघून समितीच्या अध्यक्षांनीही हात वर केले. साडभाऊंनी ते मोजणीत धरले आणि स्विच चालू केला.

मी एकदा विचारलं होतं की भाऊ, इतकं भ्यायचंच होतं तर हा विषय काऊन घेतला? ते म्हणाले, "करंट वाईट नाही. फक्त त्याले दिसत नाही समोर कोन हाय ते. म्हनून कोनीतरी पाहाले पाह्यजे."

मग कोरोना आला आणि कॉलेज पडद्यावर आलं. साडभाऊंनी विजेचा वर्ग घरातून घ्यायला सुरुवात केली, पण लॅपटॉपची पिन लावून त्याला हात लावायला ते तयार नव्हते. आधी चार्जिंग, मग पिन काढायची, मग वर्ग. लॅपटॉप जुना होता, त्यामुळे वर्ग बॅटरीबरोबर संपत असे. मुलांमध्ये ते एकदम लोकप्रिय झाले. पुढे कॉलेजनं आभासी प्रयोगशाळा आणली. त्यात मोटारीचं नुसतं चित्र, माउसनं स्विच ओढायचा, आकडे आपोआप येतात. मला ते फार स्वच्छ वाटलं, आकडे सुरेख जुळत होते. साडभाऊ मात्र खिन्न झाले. एका मुलानं त्या चित्रातल्या मोटारीवर एवढा भार टाकला की खरी मोटार असती तर तिचा कोळसा झाला असता. चित्रातली मोटार फिरत राहिली. "ह्या मोटारीत जीवच नाही," ते मला म्हणाले, "हिच्यापुढं पोरं भेव कसे शिकतीन?" घाबरायला काही नसलं की त्या माणसाला करमत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्यांची ही खिन्नता पुढच्या सुधारणेनं घालवली. आभासी मोटार पुरेशी नाही असं वरच्या लोकांनाही वाटलं असावं, कारण मग दूरस्थ प्रयोगशाळा आली. यात मोटार खरी, आमच्या कॉलेजच्या खोलीत; तिच्या मापांच्या तबकड्यांसमोर एक कॅमेरा; आणि चालू करायचं बटन मात्र इंटरनेटवर. तिकडे वांकिडी गावचा मुलगा आपल्या घरी ओट्यावर बसून बटन दाबतो आणि इकडे बंद खोलीत मोटार धडधडत सुटते. प्रत्येक गटाला ठरावीक वेळ, तिला स्लॉट म्हणायचं. एका गटाचा स्लॉट संपला की यंत्रणा आपोआप पुढच्या गटाला उघडते. रविवारीसुद्धा.

ज्या दिवशी हे सुरू झालं त्या दिवशी साडभाऊ आमच्याकडे आले आणि चहा न घेता बसून राहिले. चेहरा पांढरा पडला होता. "पहिले करंटलेच दिसत नव्हतं," ते म्हणाले, "आता दाबनाऱ्याले बी दिसत नाही." मी हसण्यावारी नेलं, पण रात्री जेवताना मला ते पुन्हा आठवलं.

कंपनीनं सगळं दिलं होतं, एक गोष्ट सोडून. या प्रयोगात मोटारीच्या आसावर एक लोखंडी ढोल असतो आणि ढोलाभोवती पट्टा. पट्टा आवळला की मोटारीवर भार येतो, आणि घर्षणानं ढोल तापतो, म्हणून ढोलात पाणी ओतत राहावं लागतं. पट्टा आवळायला कंपनीनं छोटं यंत्र बसवलं. पाणी ओतायला काहीच बसवलं नव्हतं. तेव्हा जगातली सर्वांत आधुनिक प्रयोगशाळा चालू असताना साडभाऊ तिच्या शेजारी प्लास्टिकचा मग घेऊन उभे असत. कॅमेऱ्यात फक्त तबकड्या दिसत, ते दिसत नसत.

त्यांनी यावर स्वतःची तोड काढली. मुलांनी आधी त्यांच्या मोबाइलवर फोन लावायचा. मोबाइल टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला. मुलानं विचारायचं, "हात?" मग साडभाऊ पुढे येऊन कॅमेऱ्यासमोर दोन्ही तळहात धरत. तिकडे पडद्यावर तबकड्या झाकून दोन रुंद तळवे दिसत, आणि ते बाजूला झाले की मगच बटन दाबायचं. म्हणजे आयुष्यभर ज्यांचे हात साडभाऊंनी बघितले, ती मुलं आता त्यांचे बघू लागली. प्राचार्यांना हे पोरकट वाटलं. यंत्रणा स्वयंचलित आहे, मध्ये माणूस कशाला, असं ते बैठकीत म्हणाले. साडभाऊंनी बैठकीतच दोन्ही हात वर करून दाखवले आणि खाली बसले. याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून ठरावही झाला नाही.

आमची पल्लवी त्याच कॉलेजात होती. कॉलेजात त्यांना सर म्हणायचं आणि घरी मावसाजी, हा साडभाऊंचा नियम. आता पल्लवी घरी आणि ते कॉलेजात, अशा वेळी काय म्हणायचं, यावर दोघांचा बराच खल झाला आणि शेवटी ती त्यांना काहीच न म्हणता सरळ "हात?" असं विचारू लागली.

तो रविवार हिवाळ्यातला होता. आदिलाबादची थंडी ज्यांनी सोसली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पल्लवीचा हाच एक प्रयोग राहिला होता. आधीच्या दोन खेपांना लाइट गेली होती आणि तिच्या गटाचा हा स्लॉट शेवटचा, त्या रविवारनंतर सत्राची यंत्रणा बंद होणार होती. हा हुकला तर प्रयोगाची परीक्षा पुढच्या वर्षावर. ती समोरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती, तिचा जोडीदार, वांकिडीचा एक मुलगा, तिच्या फोनवर साडभाऊंबरोबरच जोडलेला होता. मी पेपर वाचत होतो. पहिला अर्धा प्रयोग नीट झाला. मग आकडे वेडेवाकडे येऊ लागले, साडभाऊ फोनवर म्हणाले की पट्टा सरकला, मोटार बंद कर, मी बसवतो. तिनं बंद केली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हात?"

पडद्यावर तबकड्या तशाच राहिल्या. हात आले नाहीत. तिनं पुन्हा विचारलं. मग तिच्या लक्षात आलं की त्यांचा फोन कधीच तुटला आहे. पुन्हा लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कॅमेरा कॉलेजच्या तारेवर चालत होता, म्हणून चित्र मात्र स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ आणि इतकं रिकामं चित्र मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

वांकिडीचा मुलगा म्हणाला, "दाब ना पल्लवी. सर पानी आनाले गेले असतीन. टाइम चालला आपला."

"हात नाही दिसले," ती म्हणाली.

"अवं, वरीस जाईन आपलं."

"जाऊ दे."

मी पेपर खाली ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात स्लॉटची उरलेली वेळ उलटी सरकत होती. माझा जन्म आकडे बघण्यात गेला, पण आकडा बघून मी खुर्चीतून कधी उठलो नव्हतो, तो उठलो. पल्लवी आता त्या रिकाम्या पडद्याशी बोलत होती. "सर? सर, हात?" आणि मग एकदम बारीक आवाजात, "मावसाजी?" तेवढ्यानं माझी बायको मालती स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन बाहेर आली.

पल्लवी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा साडभाऊंसारखाच पांढरा झाला होता. ती म्हणाली, "बाबा, आमचा स्लॉट संपला का पुढच्या बॅचले उघडते. ते बेज्जूरकडची पोरगी हाय. तिचा फोन लागून नाही राह्यला."

मला एवढंच पुरे झालं. मी स्कूटर काढली. घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी त्यात काय काय लागलं हे मी सांगू शकत नाही. एवढंच आठवतं की मी मनाशी हिशेब मांडत होतो, तिचा स्लॉट संपायला किती, मला पोचायला किती, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं, म्हणून मी पुन्हा मांडत होतो. कॉलेजच्या फाटकावर कुणी नव्हतं. चौकीदार उन्हाला मागच्या मैदानात गेला असावा. व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज मलाच दचकवत होता. प्रयोगशाळेचं दार लोटताना मी ते हाताच्या पाठीनं लोटलं, हे मला नंतर आठवलं.

साडभाऊ लाकडी फळीवर गुडघे टेकून बसले होते, मोटारीला मिठी मारल्यासारखे. जिवंत होते. ढोल पुरता थांबण्याआधीच उजवी बाही पट्ट्यात गुंडाळली गेली होती आणि त्या हाताची दोन बोटं पट्टा आणि ढोल यांच्यामध्ये दाबली होती. बाही होती लोकरीची. सर्दी होईल या भीतीनं त्या दिवशी त्यांनी स्वेटर घातला होता आणि स्वेटरची बाही वर राहत नव्हती. मोठा स्विच खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि चालू. त्याचा लाल दिवा शांतपणे जळत होता. मोटार गप्प होती, पण ती गप्प किती वेळ राहील हे त्या खोलीतल्या कुणाच्याच हातात नव्हतं.

मी स्विचकडे धावलो.

"थांबा," साडभाऊ म्हणाले. "पहिले आंगठी काढा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "भाऊ, कोन्याबी क्षणी..."

"म्हनूनच म्हनतो. दोघं गेलो तं पानी कोन ओतीन? काढा."

लग्नातली अंगठी, तेव्हापासून बोट जाड झालेलं. ती निघेना. मी ओढत होतो आणि डोळे त्या लाल दिव्यावर होते. कॅमेऱ्याच्या शेजारी एक हिरवा दिवा लुकलुकला. पुढचा स्लॉट उघडला आहे हे तिथंच छोट्या पडद्यावर लिहून आलं. आता बेज्जूरकडे कुठल्या तरी घरात एका अनोळखी मुलीसमोर तेच बटन उजळलं होतं. साडभाऊंनीही ते वाचलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी वर्गातल्यासारखं सांगितलं, "थुंकी लावा."

थुंकी लावली, कातडी सोलवटली, अंगठी निघून कुठं तरी घरंगळत गेली. मी स्विच पाडला. लाल दिवा विझला, सगळी यंत्रणा विझली. मग मी पलीकडच्या बाजूला जाऊन पट्ट्याचं चाक उलटं फिरवलं आणि त्यांची बोटं सुटली. निळी पडली होती, पण हलत होती. त्यांनी आधी ती हलवून बघितली, मग माझ्या कपाळाला हाताची पाठ लावली.

"तुमी भेले," ते म्हणाले.

"भेलो."

"मी बी."

मला राग आला. म्हटलं, आयुष्यभर जगाला स्विच पाडायला शिकवलं आणि स्वतः पट्टा बसवताना का नाही पाडला? ते बोटं चोळू लागले. मग म्हणाले की मोठा स्विच पाडला असता तर कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद पडले असते, पुन्हा सुरू व्हायला इतका वेळ लागतो की पोरीचा स्लॉट गेला असता. "वरीस गेलं असतं तिचं. अन् मले वाटलं, हात दाखवल्याबिगर ते दाबत नाही. ह्यातच सारं आलं." फोन तुटल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. ते तिकडून सारखे सांगत होते, पल्लवी थांब, हात अडकला, आणि इकडे आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

बेज्जूरकडच्या मुलीनं बटन का दाबलं नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. ती कॉलेजात येऊन सरळ प्राचार्यांसमोर उभी राहिली आणि तिनं आपला स्लॉट पुन्हा मागितला. काल काय अडचण होती, असं विचारल्यावर ती तेलुगूत एवढंच म्हणाली, "सार चेतुलु कनबडलेदु." सरांचे हात दिसले नाहीत. फोन लागत नव्हता, हात दिसत नव्हते, म्हणून ती पडद्यासमोर बसून राहिली. शेवटी मी स्विच पाडला आणि तिच्या पडद्यावरचं चित्र काळं झालं. प्राचार्यांनी स्लॉटची यादी मागवली. मग त्यांनी त्या मुलीला आणि पल्लवीच्या गटाला आणखी एकेक स्लॉट दिला.

त्यानंतर वर्षभरात ढोलाभोवती लोखंडी जाळी आली. जाळीचं दार उघडं असलं तर मोटार चालूच होत नाही, आणि पाणीही नळीनं आपोआप फिरतं. साडभाऊंनी ते सगळं हाताच्या पाठीनं तपासलं आणि चांगलं आहे असं म्हणाले. ते मनापासून म्हणाले, यात शंका नाही. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आता त्या खोलीत प्रयोग चालू असताना कुणीच नसतं, आणि कुणी काही विचारत नाही. माझी अंगठी तिथंच कुठं तरी यंत्राखाली असावी. मालतीनं ती शोधा म्हणून एकदाही म्हटलं नाही.

पल्लवी हैदराबादला नोकरीला लागली. ती मावसाजींना दर आठवड्याला व्हिडिओवर फोन करते. बोलणं संपलं की फोन ठेवण्याआधी ती विचारते, "हात?" तिकडे साडभाऊ दोन्ही तळहात वर करतात, सगळा पडदा तळव्यांनी भरतो, आणि मगच ती बटन दाबते. हे दोघांचं कधी ठरलं मला माहीत नाही. ती सुट्टीला घरी आली की मी पेपर वाचण्याचं निमित्त करून तिच्या मागे बसतो आणि बघतो. अलीकडे त्यांचा डावा हात वर यायला वेळ लागतो. का, ते मी अक्काला विचारलेलं नाही. उत्तर कळेल म्हणून विचारत नाही.

मागच्या खेपेला पडद्यावर उजवाच तळहात आला. पल्लवीचं बोट हवेत थांबलं. मी पेपर खाली ठेवला. मग कडेनं अक्काचा बांगड्यांचा हात पुढे आला, तिनं त्यांचं डावं मनगट धरलं आणि सावकाश वर नेलं. दोन्ही तळवे दिसले. पल्लवीनं ते दोन्ही नीट पाहिले, आणि तरीही बराच वेळ बटन दाबलं नाही.